निवृत्ती मागे घेण्यापूर्वी

समजा, तुम्ही फॉर्म्युला वनचे माजी जगज्जेते आहात. समजायला पैसे पडत नाहीत. वय एक्केचाळीस, मान अजून शाबूत, करंडक काचेच्या कपाटात, आणि कर वाचावा म्हणून फार पूर्वी घेतलेला फ्लॅट मोनॅकोत. इथेच तुमचं चुकलं. एरवी निवृत्त माणसाला जुनं ऑफिस टाळायचं असलं तर तो वाट वाकडी करून भाजीला जातो. मोनॅकोत वर्षातून एकदा जुनं ऑफिसच तुमच्या बाल्कनीखालून ७८ फेऱ्या मारतं.

त्यामुळे परत जायचा किडा डोक्यात शिरणं साहजिक आहे. तो शिरलाय हे तुमच्याआधी घरच्यांना कळतं. दूध घेऊन परत यायला किती मिनिटं आणि किती सेकंद लागले ते तुम्ही बायकोला सांगता; तिने विचारलेलं नसतं. लिफ्टचं दार उघडायच्या आधीच तुमचं वजन पुढच्या पायावर आलेलं असतं. टीव्हीवर शर्यत लागली की ‘इथे मी आत शिरलो असतो’ असं तुम्ही पडद्याला ऐकवता, आणि घरातलं एकेक माणूस काहीतरी काम काढून उठून जातं.

तर तुम्ही कधीतरी फोन करणारच. करा. फक्त त्याआधी आपण का परत चाललोय हे स्वतःपुरतं ठरवून घ्या, आणि ते कारण शक्य तितकं हलकं ठेवा. खेळावरचं निस्सीम प्रेम, तरुणांना मार्गदर्शन, मानवजातीची सेवा असलं काही मनात असेल तर फोन खाली ठेवा. पैशासाठी, खुन्नस म्हणून किंवा घरी जीव रमेना म्हणून परतलेल्यांचं बहुतेक वेळा बरं चाललं. ज्यांचा ऊर भरून आला, त्यांचं मात्र अवघड झालं.

निकी लाउडाचंच घ्या. १९७६ साली न्यूर्बुर्गरिंगला तो जळत्या गाडीत अडकला होता आणि ४२ दिवसांनी मोंझाला चौथा आला, पण ते पुनरागमन मी धरत नाही. ती आजारपणाची रजा होती. खरी निवृत्ती १९७९ सालची. माँट्रियलला सराव चालू असताना तो गाडीतून उतरला, संघाचे मालक बर्नी एक्लस्टन यांना ‘गोल गोल फिरून कंटाळा आला’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि घरी निघून गेला. त्याला विमान कंपनी चालवायची होती. विमान कंपनी किती पैसा खाते हे, ती आणि फॉर्म्युला वनचा संघ दोन्ही एकदम बाळगलेल्या आपल्याकडच्या एका गृहस्थांना विचारता आलं असतं, पण ते हल्ली लंडनला असतात. लाउडालाही ते लवकरच कळलं असावं. १९८२ साली साहेब पुन्हा गाडीत हजर. मॅक्लारेनकडून.

आता तो काय करतो बघा, कारण यातून तुम्हाला शिकायचंय. गिरणगावातला संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी दक्षिण आफ्रिकेत कायलामीला फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरांनी संप केला, आणि त्यात पुढे कोण, तर दोन वर्षं घरी बसून नुकताच कामावर रुजू झालेला लाउडा! नव्या परवान्याच्या अटी ड्रायव्हरला संघाशी जखडून ठेवणाऱ्या होत्या, हे भांडणाचं मूळ. सगळ्यांना बसमध्ये घालून जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात नेलं, एकाच हॉलमध्ये गाद्या अंथरल्या. कोपऱ्यात पियानो होता, तो वाजवणारेही दोघे निघाले. आळीपाळीने बाथरूमला जायची सोय केली, तर एक जण त्याच निमित्ताने सटकला. संप म्हटला की असा एक असतोच. दुसऱ्या दिवशी तडजोड झाली, शनिवारी शर्यत झाली, लाउडा चौथा आला. आपल्याकडचा संप अजून कुणी रीतसर मागे घेतलेला नाही.

तेव्हा परतल्यावर पहिल्याच आठवड्यात संप करावा. तुमचं वय झालंय, प्रतिक्रिया मंदावल्यात, पोट सुटलंय ही चर्चा आपोआप मागे पडते.

तिसरी शर्यत, लाँग बीच, लाउडाने जिंकली. १९८४ साली तर विजेतेपदच घेतलं, तेही अर्ध्या गुणाने: त्याचे ७२, संघातल्याच आलँ प्रॉस्टचे ७१.५. शर्यती प्रॉस्टने सात जिंकल्या होत्या, लाउडाने पाच. ही अर्ध्या गुणाची भानगड मोनॅकोची, म्हणजे तुमच्या बाल्कनीखालचीच. धो धो पाऊस, प्रॉस्ट पुढे, आणि जाता जाता तो हात करून सांगतोय की थांबवा आता. थांबवली. अर्धीच झाली म्हणून गुणही अर्धे: नऊच्या जागी साडेचार. शर्यत पुरी होऊन प्रॉस्ट दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते आणि विजेतेपद त्याचं झालं असतं. लाउडा त्या दिवशी केव्हाच घसरून बाद झाला होता. बाद होऊन, घरी जाऊन विजेतेपद मिळवायचं, ही अनुभवी माणसाची कामं. पोरांना जमत नाहीत.

प्रॉस्टचंही पुढे भलं झालं, कारण त्याच्यापाशी अपमान होता. १९९१ साली त्याने फेरारीच्या गाडीला ट्रकची उपमा दिली. फेरारीत गाडीला नावं ठेवणं म्हणजे सासरच्या घरी आमटी पाणचट म्हणण्यासारखं. हंगाम संपायच्या आत नारळ मिळाला. एक वर्ष घरी बसला, १९९३ साली विल्यम्समधून आला, विजेता झाला आणि निघून गेला. त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी आयर्टन सेना त्याच संघात येऊ नये अशी अट करारातच घालून घेतली होती. तुम्हीही घाला. आपल्यापेक्षा चांगला माणूस शेजारच्या गाडीत असू नये ही मागणी ऐकायला हलकी वाटते, पण आपण हलक्याच गोष्टींबद्दल बोलतोय.

कारण ही अट नसली की काय होतं ते मिखाएल शूमाकरकडे बघून कळतं. आपल्याकडे ज्यांनी आयुष्यात एक शर्यत पाहिली नाही त्यांनाही हे नाव ठाऊक असतं, कारण सचिनला त्या लाल फेरारीची किल्ली देणारा तोच. पुढे तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून जो गदारोळ झाला, त्यात शूमाकरचा काही दोष नव्हता.

हा माणूस सात वेळा जगज्जेता. २००६ साली सदतिसाव्या वर्षी थांबला. पैसा इतका, की मोजायला माणूस ठेवावा लागेल. कुणी अपमान केला नव्हता. विमान कंपनी नव्हती. थोडक्यात, परत यायला एकही धड क्षुद्र कारण नसलेला माणूस. तरी २०१० साली मर्सिडीजमधून आला, कारण त्याला गाडी चालवायला आवडायचं. इतकंच. आणि मग तीन वर्षं निको रॉसबर्ग हा सोळा वर्षांनी लहान मुलगा त्याच संघात, तशाच गाडीत, त्याच्यापुढे राहिला. पहिल्या वर्षी रॉसबर्गचे १४२ गुण, याचे ७२. दुसऱ्या वर्षी ८९ आणि ७६. तिसऱ्या वर्षी ९३ आणि ४९. विजय शून्य. पहिल्या तिघांत एकदाच, २०१२ साली व्हॅलेन्सियाला तिसरा. त्याच वर्षी मोनॅकोच्या पात्रता फेरीत गडी सगळ्यांत वेगवान ठरला, पण आदल्या शर्यतीत एकाला मागून धडक दिली होती, त्याची पाच जागा मागून सुटायची शिक्षा बाकी होती. पहिला येऊन सहाव्या जागेवर उभा राहिला.

एक तपशील मात्र मला विसरता येत नाही. जुन्या दिवसांत तो फेरारीच्या खासगी ट्रॅकवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फेऱ्या मारायचा आणि गाडी हाताला बसेपर्यंत उतरायचा नाही. परत आला तेव्हा हंगामातल्या चाचण्यांवर बंदी आलेली होती. सराव करायचा तो खोलीत, सिम्युलेटरवर. आणि त्या सिम्युलेटरवर त्याला मळमळायचं. ९१ शर्यती जिंकलेल्या माणसाला गाडी लागायची! घाटात एसटीच्या खिडकीशी बसून लिंबू हुंगणाऱ्या प्रत्येकाने हे मनाशी जपून ठेवावं. तुम्हीही, मोनॅकोकर, फोन करण्याआधी एकदा मुलांच्या व्हिडिओ गेमसमोर अर्धा तास बसून बघा. पोटात ढवळलं तर ते देवाचं पत्र समजा.

नायजेल मॅन्सेलच्या बाबतीत प्रश्न पोटाचाच होता, पण बाहेरून. १९९५ साली मॅक्लारेनने त्याला मोठा गाजावाजा करून आणला आणि तो त्या गाडीत बसेना. म्हणजे अक्षरशः बसेना. कोपर आणि कंबर यांना जागा पुरेना. पहिल्या दोन शर्यती दुसऱ्याच ड्रायव्हरला पाठवलं आणि इकडे गाडी रुंद करायला घेतली. लग्नातला कोट शिंप्याकडे उसवायला टाकतात तसं. उसवलेली गाडी आली, त्याने दोन शर्यती केल्या, एकीत दहावा, दुसरीत मधेच थांबला, आणि विषय संपला. माप आधी द्या, एवढंच सांगायचंय. करार नंतर.

तुम्ही घोड्यावरचे असाल तर ही अडचण येत नाही, घोडा रुंद करून मिळत नाही. लेस्टर पिगट हा इंग्लंडचा जॉकी १९८५ साली निवृत्त झाला, कर चुकवला म्हणून तुरुंगात गेला, राणीने दिलेला किताबही काढून घेतला गेला. ऑक्टोबर १९९० मध्ये तो पुन्हा घोड्यावर चढला तेव्हा पंचावन्नावं पुरं व्हायला काही आठवडे उरले होते. बाराव्या दिवशी अमेरिकेत बेलमाँट पार्कला रॉयल अकॅडमी या घोड्यावर बसून त्याने ब्रीडर्स कपमधली मैलाची शर्यत मारली. उंची जॉकीच्या मानाने जास्त, म्हणून जन्मभर अर्धपोटी राहिलेला माणूस. शिवाय नाव गेलेलं, बायकोच्या तबेल्यात घोड्यांच्या मागे फिरून कंटाळलेला. याच्याइतकं भक्कम भांडवल घेऊन आजवर कुणी परतलं नसेल.

उलट लान्स आर्मस्ट्राँग. याचं कारण सगळ्यांत उदात्त होतं: कर्करोगाविषयी जगभर जागृती. सात वेळा टूर द फ्रान्स जिंकून हा सायकलपटू सुखाने निवृत्त झाला होता. शंका घेणारे होते, पण हाती कुणाच्या काही लागत नव्हतं. २००९ साली तो परतला. तिसरा आला. जिंकला त्याच्याच संघातला अल्बेर्तो काँतादोर. पुन्हा शेजारच्या सायकलचा प्रश्न. पण खरी गंमत नंतरची. तो परत आल्यामुळे जुनी माणसं चिडली, पत्रं लिहू लागली, चौकश्या उघडल्या, आणि २०१२ साली उत्तेजकांपायी सातही विजेतेपदं गेली. परत आलो नसतो तर ही वेळ आली नसती, हे पुढे त्याने टीव्हीवर स्वतःच सांगितलं. घरी बसला असता तर सात करंडक राहिले असते. समाजसेवेची हौस महागात पडते ती अशी.

माइक हेलवुड हा मोटरसायकलवाला ११ वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, एक पाय अधू असताना आइल ऑफ मॅनला परत आला आणि १९७८ साली तिथे जिंकला. केवळ आवड म्हणून आला होता. हे उदाहरण माझ्या म्हणण्यात बसत नाही, म्हणून लवकर आटोपतो.

कारण ठरलं, माप दिलं, शेजारचा गाडीवाला बेताचा निवडला, की उरते पत्रकार परिषद. तिथे खरं कारण सांगायचं नसतं, पण खोटं सांगतानाही हात आखडता घ्यावा. ‘पुन्हा तीच भूक जाणवते आहे’ हे वाक्य शंभर जणांनी उष्टं केलंय. किमी रायकोनेनकडून शिका. दोन वर्षं रॅलीत चिखल उडवून तो २०१२ साली लोटसमधून परत आला आणि कारण म्हणून फारसं काही बोललाच नाही. त्याच वर्षी अबू धाबीला तो पुढे असताना इंजिनिअर कानात सूचना द्यायला लागला, तर ‘मला माझं करू दे, कळतंय मला’ एवढं ऐकवून तो जिंकला. पुढच्या वर्षी मात्र पगार थकला आहे हे त्याने उघड सांगितलं. बोलायचं तिथे बोलावं.

शेवटचा मुद्दा दुसऱ्या निवृत्तीचा. ती तुमच्या हातात राहीलच असं नाही. २०१२ च्या सप्टेंबरअखेर मर्सिडीजने जाहीर केलं की पुढच्या वर्षी लुईस हॅमिल्टन येणार. कुणाच्या खुर्चीवर, हे सांगायची गरज नव्हती. शूमाकरने निवृत्ती जाहीर केली ती त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये सुझुकाला. तेव्हा सकाळी आधी पेपर वाचा, मग भाषण लिहा. फर्नांडो अलोन्सोने यावर वेगळाच तोडगा काढलेला दिसतो: २०१८ साली गेला, २०२१ साली आला, चव्वेचाळिशीतही गाडी चालवत राहिला. दुसरी निवृत्ती घ्यायचीच नाही.

तोवर बाल्कनीत उभं राहायला हरकत नाही. फक्त शर्यतीच्या दिवशी चहाचा कप दोन्ही हातांत धरू नका. खाली वळण आलं की हात आपले आपण वळतात, आणि गरम चहा खालच्या मजल्यावरच्यांच्या पाहुण्यांवर पडतो.