किलिमांजारोला जाताय? आधी दिवस मोजा

टांझानियातल्या किलिमांजारोची पाच दिवसांची ट्रिप स्वस्तात मिळतेय म्हणून पैसे भरायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. माझं मत: पाच दिवसांत हा डोंगर करू नये. सहासुद्धा कमीच. सात-आठ दिवस निघत नसतील तर पुढच्या वर्षी जा.

मारांगू मार्गाचं पाच दिवसांचं वेळापत्रक बघा. पहिला मुक्काम मंदारा, साधारण 2,700 मीटर. दुसरा होरोंबो, 3,700. तिसरा किबो हट, 4,700. आणि त्याच मध्यरात्री उठून 5,895 मीटरवरच्या उहुरू शिखराकडे. म्हणजे रोज हजार मीटर! 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा फार वाढवू नये, असं उंचीच्या आजारांवर काम करणारे डॉक्टर सांगतात. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. त्याला शरीर सरावायला दिवसच लागतात, जिममध्ये कमावलेला दम तिथे चालत नाही. उलट धडधाकट मंडळीच फसतात, कारण पहिले दोन दिवस ती पळत सुटतात. गाइड ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, म्हणतो ते मनावर घ्या.

माचामे मार्ग सात दिवसांचा घ्या. त्यात तिसऱ्या दिवशी 4,600 मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवतात आणि झोपायला खाली बारांकोला, चार हजारांच्या आत आणतात. ‘चढलो कशाला मग?’ अशी कुरकुर इथेच सुरू होते, पण अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात कामाचा दिवस हाच. सहा दिवसांच्या वेळापत्रकात पुढचा करांगाचा मुक्काम कापतात. मग बारांकोहून थेट बराफू, म्हणजे शिखराआधीचा शेवटचा मुक्काम; संध्याकाळी दमून पोहोचायचं आणि मध्यरात्री पुन्हा उठायचं. सात दिवसांत बराफूला दुपारीच पोहोचता, पाठ टेकता येते. (बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फच, शब्द ओळखीचा वाटेल.) बराफूला पाणी नाही. पोर्टर ते करांगाहून डोक्यावर आणतात, तेव्हा तिथे तोंड धुवायचे लाड नकोत.

वेस्टर्न ब्रीचची वाट मात्र कुणी कितीही रंगवून सांगितली तरी नको. दगड कोसळतात. जानेवारी 2006 मध्ये तिथे तीन गिर्यारोहक दगावले.

आता पैसे. अलीकडच्या दरांप्रमाणे उद्यानाचं शुल्क दिवसाला 70 डॉलर, तंबूच्या मुक्कामाचे रात्रीला 50, वर 18 टक्के व्हॅट. म्हणजे एक दिवस वाढला की सुमारे 140 डॉलर नुसते शुल्काचे. ते कुणालाच चुकत नाहीत. त्यामुळे कुणी फारच स्वस्त देत असेल तर कात्री पोर्टरच्या मजुरीला आणि जेवणाला लागलेली असते. बुकिंगआधी विचारा: पोर्टरला दिवसाला किती देता? ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन सिलिंडर सोबत असतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. गाइड सक्तीचा आहे, एकट्याने जाता येत नाही. विमा 6,000 मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगचा आहे ना, हे कागदावर वाचा. बऱ्याच पॉलिसी त्याच्या खूप आधी थांबतात.

मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जूनअखेर ते ऑक्टोबर धरा.

शिखराची चढाई मध्यरात्री सुरू होते, सहा ते आठ तासांची. रात्रीच का? ज्वालामुखीच्या राखेचा, बारीक खड्यांचा घसारा गारठून घट्ट झालेला असतो. उन्हं वर आली की तोच सुटतो, दोन पावलं पुढे आणि एक मागे. थंडी उणे 10 ते उणे 20, वर वारा. पाण्याच्या पिशवीची नळी सगळ्यात आधी गोठते, म्हणून बाटली घ्या आणि सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला धरतो, झाकण मोकळं राहतं. फोन आणि हेडटॉर्चच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात. नेहमीच्या वाटेवर दोर लागत नाही, ताजा बर्फ पडला असेल तरच बुटांना काटे. गेटर, म्हणजे बुटात खडे जाऊ नयेत म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं, मात्र हवेतच. बूट विमानात पायातच घाला, बॅग हरवली तर बाकी सगळं भाड्याने मिळेल, पायाला सरावलेले बूट मिळणार नाहीत.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. गोळी घेतली म्हणून वेग वाढवायचा नाही. थोडं डोकं दुखणं बहुतेकांना होतं. पण टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, ओला खोकला येत असेल, तर त्याच क्षणी खाली. सकाळ होऊ दे, बघू, हे नको.

आणि उतार विसरू नका. शिखरावरून त्याच दिवशी म्वेका कॅम्पला, 3,100 मीटरवर, म्हणजे जवळपास 2,800 मीटर खाली. निघण्यापूर्वी पायाची नखं बारीक कापा, उतरताना बुटाची नाडी घोट्यापाशी आवळा, नाहीतर बोटं पुढे आपटून अंगठ्याचं नख काळं पडतं.