पत्र गेलं पहिल्या मालकाला, ब्रेक मात्र तिसऱ्याच्या हातात

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

एका पोराने जुनी मोटरसायकल घेतली. पुढचा ब्रेक धरून ठेवला की लिव्हर हळूहळू मुठीला टेकतो. दोनदा सर्व्हिस सेंटरला नेली, दोन्ही वेळा 'हवा होती, ब्लीडिंग केलं' (म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढली) म्हणून परत दिली. आज चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर तीन वर्षांपासून रिकॉल, म्हणजे सदोष पार्टसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी! काम काय, तर मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग) बदलणे. एक नंबर टाकायचा होता. दोन खेपांत कुणीच टाकू नये?

आणि हवा कुठली? हवा असली की लिव्हर पहिल्यापासून स्पंजासारखा लागतो. इथे लिव्हर आधी घट्ट, पण हलक्या हाताने दाबून धरला की बसत जातो, आणि बाहेर ऑइलचा एक थेंब नाही. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवरचं रबरी सील आतल्या आत ऑइल मागे सोडतंय. ते ब्लीडिंगने कसं सुधारणार?

रिकॉल गाडीच्या चेसिस नंबरावर असतो, मालकाच्या नावावर नाही. पत्र मात्र कंपनीच्या नोंदीत जो मालक आहे त्यालाच जातं. गाडी दोन हात फिरली की ते पत्र भलत्याच घरी पडून राहतं. त्यामुळे जुनी गाडी घेतलेल्यांनी स्वतःच बघायचं. नंबर कागदावरून घेऊ नका, हँडलखाली फ्रेमच्या नेकवर कोरलेला वाचा. १७ अक्षरं-आकडे असतात, त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू कधीच नसतात. तिथे ओ दिसला तर तो शून्य आहे. वॉरंटी संपली म्हणून रिकॉलच्या कामाचे पैसे मागितले तर तिथेच हटकून विचारा.

हो, रिकॉलमधली प्रत्येक गाडी बिघडलेली नसते, मान्य. २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा कॉइल बदलावी लागणाऱ्या गाड्या १० टक्क्यांहून कमी असतील असा कंपनीचाच अंदाज होता. पण आपली गाडी त्या थोड्यांत आहे की नाही, हे उघडून बघितल्याशिवाय कळणार कसं?

मालकांचंही चुकतं, तेही लिहितो. २०१८ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने अमेरिकेत २००८ ते २०११ च्या पावणेदोन लाखांच्या आसपास गाड्या बोलावल्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललं नाही की एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) व्हॉल्व्हवर थर साचून ब्रेक जाण्याचा धोका होता. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. आपल्यातले किती जण ते वेळेवर बदलतात?

पण त्या पोराचा काय दोष? तो तर दोनदा जाऊन आला होता.

काम करून घेताना जॉब कार्डवर 'ब्रेक चेक' चालणार नाही, रिकॉलचा क्रमांक आणि बदललेल्या पार्टचं नाव वेगळ्या ओळीत लिहून घ्या. जुना पार्ट डोळ्यांनी बघा. होजच्या (ब्रेक ऑइलच्या नळीच्या) बँजो बोल्टला, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टला, दोन वॉशर असतात, बहुतेक तांब्याचे. ते नवेच हवेत. जुने एकदा दाबले गेलेले असतात, चार दिवसांनी तिथूनच ऑइल पाझरतं. ऑइल सीलबंद डब्यातलं, आपल्यासमोर उघडलेलं. एबीएस असेल तर बऱ्याच गाड्यांत मॉड्यूलमधली हवा काढायला स्कॅनर जोडून व्हॉल्व्ह चालवावे लागतात, ते केलं का विचारा. शेवटी लिव्हर हलक्या हाताने मिनिटभर धरून ठेवा. बसला, तर गाडी ताब्यात घेऊ नका.

पोरगा विचारत होता, "दादा, पार्ट येईपर्यंत हळूहळू चालवू का?" नाही रे बाळा. सील आज थोडं सोडतंय, उद्या पूर्ण सोडेल की नाही हे मीही सांगू शकत नाही. गाडी स्टँडवर राहू दे. आणि सर्व्हिस सेंटरला नेशील तेव्हाही टेम्पोत टाकूनच ने.