पारच्या पुलाचे फोटो फिरवणाऱ्यांसाठी

दर पावसाळ्यात कुठला तरी नवा पूल खचतो आणि पारच्या पुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. "बघा, महाराजांच्या काळातला पूल अजून ठणठणीत!" टोमणा रास्तच आहे, टक्केवारीचा कारभार कोणाला माहीत नाही? पण तो पूल का टिकला, यावर त्या पोस्टमध्ये एक ओळ नसते. याचाच मला वैताग येतो.

पार हे प्रतापगडाच्या पायथ्याचं गाव, रामवरदायिनीचं. कोकणातून घाट चढून जावळीत शिरणारी जुनी वाट इथूनच जायची. १६५९ मध्ये अफझलखानाची छावणीही याच गावाच्या आसपास पडली होती. इथे कोयना आडवी येते, नुकतीच महाबळेश्वरावरून उतरलेली, त्यामुळे पावसाळ्यात बेफाम. पलीकडे जायची सोय नसेल तर चार महिने माणसं आणि बैल अलीकडेच अडकायचे. शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा हा पूल हौसेनं बांधलेला नाही, तो नडीचा आहे.

पुलावर उभं राहून काही कळत नाही. उन्हाळ्यात खाली पात्रात उतरून वर बघा. काळ्या घडीव दगडाच्या टोकदार कमानी दिसतात. कमानीतला प्रत्येक दगड खालच्या बाजूला निमुळता घडवलेला असतो, त्यामुळे वरून जेवढा भार येईल तेवढे ते एकमेकांत घट्ट बसत जातात. दगड दाबाला पक्का आणि ताणाला कच्चा, म्हणून अख्खी रचना दाबावरच पेलली जाते. गोल कमानीपेक्षा टोकदार कमान बाजूला रेटाही कमी देते. खांबांना प्रवाहाच्या तोंडावर त्रिकोणी नाक काढलंय. पाणी थेट थडकत नाही, दोन्हीकडे फाटतं, आणि वाहून आलेले ओंडकेही बाजूला सरकतात. सह्याद्रीच्या नद्यांमध्ये कातळ उघडा असतो, ही आणखी एक जमेची बाजू. पाया थेट कातळावर बसला की नदीला त्याच्याखालून खरवडायला काही उरत नाही.

आता दुसऱ्या पुलाचं बोलू. कोयना आणि सावित्री दोघींचा उगम महाबळेश्वरचाच. एक दक्षिणेला जाऊन पुढे पूर्वेला वळली, एक कोकणात गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल पुरात गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी आणि काही गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. तोही दगडी कमानींचाच, ब्रिटिश काळातला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं नंतर सरकारकडूनच सांगण्यात आलं.

म्हणजे "जुनं ते दगडी, दगडी ते अमर" हे साफ खोटं आहे. दगडी पूल सहसा वरून मोडत नाही, तो खालून जातो. पाया उघडा पडतो, सांध्यातला चुना धुपतो, त्यात पिंपळ रुजतो, मूळ जाडजूड झालं की दगड सरकतो. वरून गाडीतून जाताना यातलं काही दिसत नाही.

म्हणून पारच्या पुलाला फेट्यातल्या फोटोंची आणि लायटिंगची गरज नाही. दर वर्षी पाऊस संपल्यावर कोणीतरी खाली उतरून खांबांचे पाय बघावेत, रोपटी मुळासकट काढावीत, निघालेले सांधे चुन्यानंच भरावेत. सिमेंट थापू नये. ते कडक असतं, ओल आत कोंडून ठेवतं आणि शेवटी दगडाचीच कड फोडतं. "डागडुजी" या नावाखाली आपल्याकडे किती देवळांची आणि तटबंद्यांची अशी वाट लागलीय, ते एकदा आठवा. अवजड वाहनंही या पुलावरून नेऊ नयेत. बैलांच्या तांड्यासाठी बांधलेल्या पुलावर वाळूचा डंपर घालून त्याची ताकद जोखण्यात कसला आलाय अभिमान?

प्रतापगडला जाणार असाल तर पारला जरूर उतरा. गाडी अलीकडेच लावा आणि पूल चालत ओलांडा. पात्रात उतरायचं ते जानेवारी ते मे, पावसाळ्यात अजिबात नाही. आणि फोटो टाकलात तर एक तरी खालून काढलेला टाका, खांबाच्या पायाचा.