"लपवायचं काय त्यात?" या फॉरवर्डला उत्तर

आईच्या भिशीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आलं आणि तिघींनी ते लगेच पुढे पाठवलंसुद्धा. "प्रायव्हसी हे पाश्चात्त्यांचं खूळ. आपल्या घरात कुणी काही लपवत नाही, फोनला लॉक कशाला? सरकारकडे सगळी माहिती आहेच, मग आधारचा फोटो ग्रुपवर टाकायला भीती कसली?"

खूळ पाश्चात्त्यांचं? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला आहे. आणि घरातलं म्हणाल, तर संशोधक नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या १९९ जणांशी बोलून २०१८ मध्ये अभ्यास मांडला. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. नवऱ्याने, सासूने, मुलांनी फोन मागितला की नाही म्हणता येत नाही. म्हणून त्या ॲपला वेगळं लॉक लावतात, नेमका तेवढा मेसेज किंवा सर्च पुसतात. 'प्रायव्हसी' हा शब्द मात्र काहींना श्रीमंत बायकांचा वाटतो. फॉरवर्डमध्ये खरं असलंच तर एवढंच.

आधारचा सल्ला मात्र थेट पैसे घालवणारा आहे. नुसत्या नंबरावर खात्यातून पैसे निघत नाहीत, हे मान्य. पण आधारवर पैसे काढून देणाऱ्या केंद्रात बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी नाही. अंगठा कुठून मिळतो? जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याचे गुन्हे तेलंगणा, हरियाणात नोंदले गेले आहेत. नंबर आपणच ग्रुपवर टाकायचा?

द्यावंच लागलं तर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवरून 'मास्क्ड आधार' उतरवा. त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. तेव्हा ती फाइल सुरक्षित समजून पूर्ण आधार पाठवू नका, नाव आणि साल माहीत असणाऱ्याला ती उघडते.

शिवाय यूआयडीएआयच्या साइटवरून किंवा ॲपमधून बायोमेट्रिक लॉक लावा, म्हणजे आधारसाठी अंगठ्याचा वापर बंद होतो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, नाहीतर ओटीपीच येणार नाही. लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही; रांगेत उभं राहण्याआधी तात्पुरतं उघडा.

फोटो आधीच टाकला असेल तर पुसा, पण ज्यांनी तो जतन केला किंवा पुढे पाठवला त्यांच्याकडे तो राहणारच. म्हणून लॉक आजच लावा.