सिकर्टला फासावर चढवण्याआधी तारखा तरी बघा

‘डीएनएने सिद्ध! थोर ब्रिटिश चित्रकार वॉल्टर सिकर्ट हाच जॅक द रिपर’ हा फॉरवर्ड फिरत फिरत भाचीपर्यंत पोचला. ती चित्रकला शिकते, सिकर्टवर निबंध लिहीत होती. आता म्हणते, “मामा, खुन्यावर कशाला लिहू?” झालं समाधान?

जॅक द रिपर म्हणजे १८८८ साली लंडनमध्ये बायकांचे खून करणारा, कधीच न सापडलेला खुनी. तो सिकर्टच, हे खूळ पसरवलं ते कादंबरीकार पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या २००२च्या पुस्तकाने. डीएनए म्हणाल, तर तो मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणारा. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या असंख्य माणसांत तोच सापडू शकतो. सिकर्टचं तर दहन झालं. त्याचा खात्रीचा नमुनाच नाही. जुळवाजुळव केली ती त्याची जुनी पत्रं आणि रिपरच्या नावाची पत्रं यांच्यावरून. आणि रिपरच्या नावाने आलेल्या शेकडो पत्रांतली बहुतेक टवाळखोरांची, म्हणजे जुळलं तरी पत्र जुळलं, खून नव्हे.

आता तारखा. रिपरचे पाच खून : ३१ ऑगस्ट, ८ सप्टेंबर, ३० सप्टेंबरला दोन आणि ९ नोव्हेंबर १८८८. मॅथ्यू स्टर्जिस यांचं सिकर्टचरित्र उघडा. ६ सप्टेंबरला आई फ्रान्सच्या किनाऱ्यावरून लिहिते, वॉल्टर आणि भाऊ पोहतायत, चित्रं काढतायत, मजेत आहेत. १६ला चित्रकार ब्लांश त्याच्या भेटीबद्दल लिहितो. २१ला बायको कळवते, नवरा काही आठवडे फ्रान्सातच आहे. मग मधल्या मधे बोटीने लंडन गाठून, खून उरकून तो परत पोहायला गेला? तिकीट नाही, साक्षीदार नाही, पण फॉरवर्डवाल्यांना पटतं!

लहानपणच्या शस्त्रक्रियेने तो नपुंसक झाला आणि बायकांवर उलटला, हेही ठोकून दिलंय. त्याची लफडी मोजा आणि गप्प बसा.

हां, रिपरचं त्याला वेड होतं, हे नाइलाजाने मान्य. घरमालकीण म्हणाली, आधीचा भाडेकरूच रिपर होता. याने त्या खोलीचं चित्र काढलं. एकदोन टवाळ पत्रंही त्याची असतील, कागद जुळतो म्हणतात.

पण ‘चित्रांत कबुली आहे’ हे अतीच झालं. लंडनच्या कॅम्डन टाउन भागातला खून १९०७चा, एमिली डिमॉकचा. रिपरनंतर एकोणीस वर्षांनी. सिकर्टच्या ‘कॅम्डन टाउनचा खून’ या चित्रात पलंगाच्या कडेला मान खाली घालून, हात गुंफून बसलेला माणूस आहे, मागे विवस्त्र बाई. सुरा नाही, रक्त नाही. याच चित्राला दुसरं नावही आहे : ‘भाड्याचं काय करायचं?’ आता या नावाने बघा, बेकार नवरा दिसतो.