तिसरीच्या मुलाला नेमके काय अडते?

मागच्या शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा झाली. पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनाच्या उत्तरपत्रिका पालकांनी चाळल्या आणि जवळपास प्रत्येकाने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला : "मॅडम, पोरगा मराठीत बरा आहे, मग गणितात कच्चा कसा राहिला?" जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी गेली १९ वर्षे शिकवते आहे आणि त्यांतील बरीच वर्षे माझ्याकडे तिसरीचा वर्ग राहिला आहे. सभेत या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याइतका वेळ मिळाला नाही, आणि हा प्रश्न केवळ आमच्या गावापुरता नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते आहे.

वेळापत्रकात तिसरीला मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास असे चार मुख्य विषय असतात, शिवाय कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण. परिसर अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तक मुलाच्या हाती पहिल्यांदा येते ते तिसरीतच. पहिली-दुसरीत मूल अक्षरे, काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांच्याशी झटत असते. पाठात काय सांगितले आहे ते त्याला चित्रावरून, बाईंच्या आवाजावरून किंवा शेजारच्या मुलाकडे पाहून कळते आणि तेवढ्यावर त्याचे निभावते. तिसरीत मात्र पुस्तक त्याच्याशी थेट बोलू लागते. पाणी कोठून येते, अन्न कसे टिकवतात, आपला जिल्हा कोठे आहे, हे परिच्छेद वाचून समजून घ्यावे लागते, आणि कालपर्यंत नुसत्या आकड्यांचे असलेले गणित तीन-चार ओळींचे उदाहरण होऊन समोर उभे राहते. ज्याचे वाचन त्या वेळी अर्ध्यावर असते त्याचे सगळेच विषय एकाच वेळी अडतात, पण प्रगतिपत्रकावर ते वेगवेगळ्या आजारांसारखे दिसतात. मग गणितासाठी शिकवणी लावली जाते, इंग्रजीसाठी दुसरी शिकवणी शोधली जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

सभेत ज्या वडिलांनी हा प्रश्न सर्वांत कळकळीने विचारला, ते केळी कापणीच्या टोळीत काम करतात. त्यांच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत उदाहरण होते : एका शेतकऱ्याने केळीचे ३४५ घड कापले, त्यांपैकी १२८ घड गाडीत भरले, तर शिल्लक घड किती? मुलाने उत्तर लिहिले होते ४७३. म्हणजे त्याने बेरीज केली होती, आणि ती हातच्यासह बिनचूक होती. वर्गात मी त्याला जवळ बसवून विचारले, तेव्हा "दोन संख्या दिसल्या म्हणून मिळवल्या," असे त्याने सांगितले. मी पुस्तक बाजूला ठेवले आणि अहिराणीत विचारले, "कितला उरनात?", म्हणजे किती उरले? आमच्या वर्गात तुराट्यांचे बोटभर तुकडे असतात, दहा तुकड्यांची एक मोळी आणि अशा दहा मोळ्यांचा एक मोठा गठ्ठा आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापांनी बांधून ठेवतो. त्याने तीन गठ्ठे, चार मोळ्या आणि पाच सुट्या काड्या मांडल्या. पाचांतून आठ जात नाहीत हे पाहून क्षणभर थांबला, मग स्वतःच्याच हाताने एका मोळीचे रबर सोडले, पंधरा काड्या झाल्या, त्यांतून आठ उचलल्या आणि पुढचे सगळे सरसर केले. उत्तर आले २१७. त्याला वजाबाकी येत होती, दशक सुटा करणे येत होते, घड म्हणजे काय हे तर माझ्यापेक्षा जास्त येत होते. अडला होता तो "त्यांपैकी" आणि "शिल्लक" या दोन शब्दांवर.

असे आणखी एक ठिकाण सांगते. तिसरीत ९९९ पर्यंतच्या संख्या येतात. "तीनशे पंचेचाळीस लिहा" असे म्हटले की वर्गातील दोन-तीन मुले हमखास ३००४५ लिहितात. त्यावर लाल फुली मारून पुढे जाणे सोपे असते, पण मूल ऐकले तसेच लिहीत असते : आधी तीनशे, मग पंचेचाळीस. शिवाय मराठीत "त्रेपन्न" म्हणताना तीन आधी आणि पन्नास नंतर ऐकू येते, लिहिताना मात्र पाच आधी येतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "त्रेपन्न"बरोबर "पन्नास तीन" अशीही वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर टीका झाली. जुने संख्यानाम टिकावे असेच मलाही वाटते, कारण दुकानात, बाजारात आणि आजीच्या तोंडी तेच आहे. परंतु मुलांना तेथे अडचण येते, ही त्या बदलामागची नोंद खरी होती, आणि टीकेच्या गदारोळात नेमकी तीच कोणी ऐकून घेतली नाही याचे मला आजही वाईट वाटते.

धोरणाच्या पातळीवर तिसरीचे महत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दुसरीपर्यंतचा पायाभूत टप्पा संपून तिसरीपासून पुढचा टप्पा सुरू होतो. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तर २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस वाचन, लेखन आणि मूलभूत गणित यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि त्याच्या मूळ लक्ष्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे म्हटले आहे. त्या वाक्यातला "अर्थासह" हा शब्द प्रत्यक्षात गळून पडतो. घड्याळ लावून शब्द मोजता येतात, अर्थ मोजायला मुलाशी बोलावे लागते. घडघडा वाचणारे मूल पाहून आपण सगळेच, मी स्वतःसुद्धा, फसतो. असरच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. ज्यांना तो वाचता आला नाही, त्यांच्यापुढेही वर्गात तिसरीचीच सगळी पुस्तके उघडलेली असतात.

मग विषय एकमेकांत मिसळून शिकवता येतात का, असा प्रश्न एका ताईंनी विचारला. येतात, आणि त्यासाठी वेगळा खर्चही लागत नाही. आमच्याकडे शालेय पोषण आहाराचा तांदूळ रोज तिसरीची मुले मोजून देतात. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य हे प्रमाण ठरलेले आहे. दोन मुले प्रत्येक वर्गात जाऊन हजेरी विचारतात, दोघे फळ्यावर मांडणी करतात आणि दोघे खिचडी शिजवणाऱ्या मावशींजवळ वजनकाट्यापाशी उभे राहतात. जुलैमध्ये ही मुले प्रत्येक वेळी शंभर, दोनशे, तीनशे असे मोजत बसायची. एके दिवशी पटावरची ४६ मुले हजर होती. फळ्यासमोर उभी असलेली एक मुलगी त्या ४६ कडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, दहा पोरांचा एक किलो होतो, म्हणजे हा चार किलोचा आणि हा सहाशेचा." तिने आधी दशकाच्या चारवर बोट ठेवले होते, मग एककाच्या सहावर. दशक-एकक मी महिनाभर शिकवले होते, किलोग्रॅम-ग्रॅम पुढच्या घटकात येणार होते, आणि तिने दोन्ही एका वाक्यात जोडून दाखवले. त्यानंतर डाळीचा हिशेब वर्गाने मिळून केला : ४६ ची दुप्पट ९२, त्याची दहापट ९२० ग्रॅम. मग त्याच मुलीने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले, "आज ४६ मुले आहेत. ४ किलो ६०० ग्रॅम तांदूळ लागेल." त्या दोन वाक्यांत मराठीचे लेखन होते, गणित होते आणि परिसर अभ्यासातला आहारही होता. तो तास वेळापत्रकात कोणत्या विषयाच्या नावाने दाखवायचा, हे मला तेव्हाही ठरवता आले नाही.

परिसर अभ्यासाबद्दल मात्र मला अधिक बोलायचे आहे, कारण हा विषय आपल्याकडे सर्वांत जास्त पाठ करून घेतला जातो. जळगाव जिल्ह्याचे १५ तालुके मुले एका दमात म्हणतात. पण भिंतीवरच्या नकाशात उत्तर दिशा वर असते म्हणून उत्तर म्हणजे आकाश, असे समजणारी मुले मी पाहिली आहेत. मी नकाशा भिंतीवरून उतरवते आणि अंगणात जमिनीवर पसरते, उत्तरेची बाजू सातपुड्याकडे करून. मग दक्षिणेला तापी आपोआप जागेवर येते, आणि ती सूर्य मावळतो त्या बाजूला वाहते हे मुलांनी गावाबाहेर पाहिलेलेच असते. यंदा एका मुलाने विचारले की मामाचे गाव शिरपूरजवळ आहे, अनेर नदी ओलांडली की येतेच, मग ते दुसऱ्या जिल्ह्यात कसे? दुसऱ्याने त्याहून मोठा प्रश्न विचारला : आजी "आपला खानदेश" म्हणते, पण जिल्ह्यांच्या यादीत खानदेश का नाही? त्या दिवशी पाठ बाजूलाच राहिला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे पूर्वेचा जळगाव आणि पश्चिमेचा धुळे झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला, हे मी खडूने जमिनीवर रेघा मारत सांगितले. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारले, दुसऱ्या दिवशी चार-चार ओळी लिहून आणल्या. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. त्या मी त्या दिवशी काढल्या नाहीत.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तिसरीत छोटी वाक्ये, संवाद व रोजच्या वस्तूंची नावे अपेक्षित असतात. ज्या मुलाला मराठी वाचताना अर्थ धरण्याची सवय लागली आहे त्याला इंग्रजीतही ती उपयोगी पडते. इतर मुले स्पेलिंगे पाठ करतात आणि विसरतात. शिकवणीवर खर्च करण्याआधी पालकांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

आमच्या भागात घरची भाषा हा फार नाजूक प्रश्न आहे. माझ्या वर्गातील काही मुले घरी अहिराणी बोलतात, काही गुजरी, आणि सातपुड्यातून शेतकामासाठी उतरलेल्या कुटुंबांतील मुले पावरी. पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे, असे धोरणच सांगते. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्यावरून वाद पेटला आणि २९ जून रोजी त्याबाबतचे शासन निर्णय मागे घेतले गेले. त्या काळात शाळेत कोणती भाषा वाढवायची यावर पुष्कळ चर्चा झाली. मूल घरून जी भाषा घेऊन येते तिचे वर्गात काय करायचे, यावर फारसे कोणी बोलले नाही. "शाळेत अहिराणी बोलू नको" असे सांगणारे पालक मला दरवर्षी भेटतात. त्यांची काळजी मला समजते, तरीही माझी त्यांना हात जोडून विनंती आहे की असे करू नका. "कितला" मधून "किती"कडे जाणारे मूल लवकर पोहोचते. "कितला" गिळून टाकायला लावलेले मूल वर्गात गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला काय येत नाही हे कोणत्याही शिक्षकाला कळत नाही.

माझ्या हातून हीच चूक झालेली आहे. तीन वर्षांपूर्वी एका सालदाराची, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या मजुराची, मुलगी जूनमध्ये माझ्या वर्गात आली. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि नवे सुरू होते, त्यामुळे ही मुले एका गावातून दुसऱ्या गावात, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात राहतात आणि त्यांच्या मागून फक्त गुण येतात. तिच्या आधीच्या गुणांवरून आणि पहिल्या चाचणीवरून मी नोंदवहीत "गणितात मागे" असे लिहून टाकले आणि चार महिने तिला बेरजा-वजाबाक्याच देत राहिले. माझ्याकडे जोडवर्ग होता, पहिली आणि तिसरी एकाच खोलीत, हे खरे आहे. पण ते कारण सांगून मला सुटता येत नाही. दिवाळीनंतर एकदा पहिलीच्या मुलांनी गोंधळ घातला म्हणून फळ्यावरचे उदाहरण मी तिला मोठ्याने वाचून दाखवले, आणि तिने ते तोंडी सोडवले. दुसरे वाचले, तेही सोडवले. तिला गणित येत होते. तिला वाचता येत नव्हते, आणि हे मी नोव्हेंबरपर्यंत तपासलेच नव्हते.

उरलेल्या पाच महिन्यांत आम्ही गणिताच्या तासाला वाचलेच जास्त. रोज एकच उदाहरण. आधी मी वाचायचे, मग ती, मग ती मला स्वतःच्या शब्दांत सांगायची, आणि आकडे सर्वांत शेवटी. आखाजीला तिच्या वडिलांनी साल बदलले आणि ते यावल तालुक्यातील एका गावी गेले. शाळा सोडल्याचा दाखला द्यायच्या वेळी मी त्याला एक चिठ्ठी टाचणीने जोडली. तीत गुण लिहिले नाहीत. तिच्या पुढच्या बाईंसाठी एवढेच लिहिले की हिला हिशेब चांगला येतो, "एकूण", "शिल्लक" आणि "प्रत्येकी" हे शब्द आता कळतात, "त्यांपैकी"वर अजून अडखळते, उदाहरण एकदा मोठ्याने वाचून घ्यावे.