चपलेचं उदाहरण पोरकट? '==' आणि 'इक्वल्स'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. जावा या प्रोग्रामिंग भाषेत तुलना == नं करायची (वस्तू तीच आहे का?) की 'इक्वल्स'नं (सारखी आहे का?), हे मी चपलांचं उदाहरण देऊन लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं: अंबाबाईच्या देवळाबाहेरच्या चपलांचं उदाहरण पोरकट आहे, 'इंट' या साध्या पूर्णांकाच्या प्रकाराबाबत मी चक्क चुकलोय, आणि एवढा घोळ घालण्यापेक्षा 'कायम इक्वल्स वापरा' हे एक वाक्य पुरलं असतं.

'इंट'चं मान्य. 'जावात == म्हणजे वस्तू तीच आहे का' असं मी सरसकट लिहिलं. 'इंट'सारख्या प्रिमिटिव्ह, म्हणजे वस्तू नसलेल्या साध्या प्रकारांत == किंमतच तपासतं.

'कायम इक्वल्स' मात्र पटत नाही. आपल्या क्लासात (वस्तूंच्या साच्यात) इक्वल्स ओव्हरराइड केलं नसेल, म्हणजे स्वतःचं लिहिलं नसेल, तर ते 'ऑब्जेक्ट' या मूळ क्लासकडून वारशानं येतं आणि त्याच्या पोटात == च बसलेलं असतं. नुसती पाटी बदलली, दुकान तेच.

पूर्वी इथल्या एका गुळाच्या अडतीसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर केलं होतं. पट्टीचे (विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचे) नंबर 'इंटीजर'मध्ये, म्हणजे 'इंट'च्या वस्तुरूपात, तुलना == नं. चाचणीत पन्नासेक पट्ट्या, सगळं झक्कास. हंगाम सुरू झाला आणि १२८व्या पट्टीपासून जुळणी बंद! मी दोन दिवस डेटाबेसलाच शिव्या घालत होतो. जावा −१२८ ते १२७ पर्यंतचे इंटीजर बॉक्सिंग करताना (साधा आकडा वस्तूत घालताना) साठ्यातलेच काढून देतं; त्यापुढे सहसा दर वेळी नवी वस्तू. इथं इक्वल्सनं काम झालं, म्हणजे हा गुण तुमचा.

पण पुढं ऐका. मग उत्साहात पट्टीच्या नंबर, वजन अशा सगळ्या फील्ड्सवर इक्वल्स आणि हॅशकोड (वस्तू कुठल्या कप्प्यात शोधायची ते ठरवणारा आकडा) लिहिले, पट्ट्या 'हॅशसेट' या कप्प्यांच्या संचात टाकल्या. अडत्यानं एका पट्टीचं वजन दुरुस्त केलं, तर ती पट्टी सेटमध्ये असूनही सापडेना. हॅशकोड बदलला, शोध भलत्याच कप्प्यात. वजन दुरुस्त झालं म्हणून पट्टी काही वेगळी होत नाही. ती ओळखायची नंबरावरून. वजनांचीही गंमतच: 'बिगडेसिमल' या दशांश संख्यांच्या प्रकारात २.५ आणि २.५० इक्वल्सला वेगळे, 'कंपेअरटू' या लहान-मोठं तपासणाऱ्या तुलनेला सारखे. तिथं तुमचं एक वाक्य कुठं लावायचं?

आता चप्पल. एकाच कारागिराच्या, एकाच मापाच्या दोन जोड्या घेताना कुठलीही चालते. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर मात्र मला माझीच पाहिजे, तुमची घालून गेलो तर चालेल का? चप्पल तीच, प्रश्न बदलला.

'इंट'चं वाक्य आज दुरुस्त करतो. चपला राहतील.